राज्यशास्त्राच्या वर्गातले गणित

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या पीएच.डी.चे पहिले धडे कलनाचे असतात. पहिले सत्र उघडण्याआधी नव्या विद्यार्थ्यांसाठी एक ते तीन आठवड्यांचा वर्ग भरतो. त्याला 'मॅथ कॅम्प' म्हणतात. विकलन, संकलन, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि संगणकावर 'आर' ही भाषा चालवण्याचा सराव, एवढा ऐवज त्यात कोंबलेला असतो. समोर बसलेल्यांत कुणी इतिहासाचा पदवीधर, कुणी कायद्याचा, कुणी चार वर्षे पत्रकारिता करून आलेला. त्यांतल्या अनेकांनी गणिताची वही शाळेनंतर उघडलेली नसते. पुढच्या दोन वर्षांत याच मंडळींना संख्याशास्त्राचे दोन ते चार आणि गेम थिअरीचे एक-दोन पेपर पार करायचे असतात, तेही तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध हे मूळ विषय सांभाळून.

राजकारण आकड्यांत मावते का, हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. वर्गात अडचण वेगळीच असते. 'पैसा ओतला की निवडणूक जिंकता येते' हे वाक्य चहाच्या टपरीवर पुरेसे असते. वर्गात ते अशा रीतीने मांडावे लागते, की ते खोटे ठरण्याची सोय राहील. पैसा म्हणजे कुणाचा, किती, कधी खर्च केलेला, आणि तो खर्च झाला नसता तर काय घडले असते? समीकरण सोडवणे सरावाने जमते. वाक्याचे समीकरण करणे मात्र काहींना शेवटपर्यंत जमत नाही, आणि शिकवणाऱ्याचे बरेचसे कष्ट तिथेच जातात.

या शिक्षणाची मुळे शंभर वर्षे मागे जातात. शिकागो विद्यापीठातले चार्ल्स मेरियम यांनी १९२५ साली 'न्यू आस्पेक्ट्स ऑफ पॉलिटिक्स' या पुस्तकात राज्यशास्त्राने मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्याकडून शिकावे असा आग्रह धरला. त्यांचे सहकारी हॅरॉल्ड गॉसनेल यांनी १९२४ च्या निवडणुकीत शिकागोतल्या सुमारे ६,००० नागरिकांवर एक प्रयोग केला होता. त्यांतल्या काहींना मतदार नोंदणीची आणि मतदानाची आठवण करून देणारी पत्रे पाठवली, काहींना नाही, आणि मग दोन्ही गटांत कितीजण मतदानाला गेले ते मोजले. पत्रे पोलिश, चेक आणि इटालियन भाषांतही छापली होती, कारण शिकागो स्थलांतरितांचे शहर होते. प्रयोग चांगला होता, पण त्याची परंपरा काही बनली नाही. पुढची कित्येक दशके असे प्रयोग तुरळकच झाले.

गायकीत घराणी असतात तशी दोन घराणी पुढे उभी राहिली. पहिले मिशिगन विद्यापीठाचे, अ‍ॅन आर्बर गावातले. तिथल्या अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी देशभरातल्या मतदारांच्या मुलाखतींवरून १९६० साली 'द अमेरिकन व्होटर' हे पुस्तक लिहिले. १९६२ मध्ये तिथेच विद्यापीठांचा एक संघ स्थापन झाला. एका ठिकाणी गोळा झालेला डेटा सर्व सभासद विद्यापीठांना वापरता यावा, ही त्यामागची कल्पना. पण डेटा हाती आला तरी तो वापरायचा कसा हे ठाऊक असलेली माणसे थोडी होती, म्हणून अ‍ॅन आर्बरला १९६३ पासून उन्हाळी वर्ग सुरू झाले. ते आजही भरतात. याच काळात स्टॅनफर्डला नॉर्मन नाय नावाचा राज्यशास्त्राचा विद्यार्थी हाताशी असलेल्या संगणक-प्रणालींना कंटाळला आणि दोन सहकाऱ्यांसह त्याने १९६८ साली स्वतःची प्रणाली लिहिली. ती म्हणजे एसपीएसएस. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत समाजशास्त्रापासून व्यवस्थापनापर्यंत हजारो प्रबंधांची कोष्टके ज्या प्रणालीतून निघाली, ती राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याच्या गरजेतून जन्मली हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

दुसरे घराणे रॉचेस्टर विद्यापीठाचे. विल्यम रायकर यांनी १९६२ साली तिथल्या राज्यशास्त्र विभागाची सूत्रे घेतली आणि त्याच वर्षी त्यांचे 'द थिअरी ऑफ पोलिटिकल कोअ‍ॅलिशन्स' प्रसिद्ध झाले. आघाडी बांधणारे नेते बहुमताला पुरेल इतकीच माणसे गोळा करतात, जास्त नाही, कारण जास्त वाटेकरी म्हणजे प्रत्येकाचा वाटा लहान, असा त्यातला मुख्य निष्कर्ष. तो किती खरा यावर वाद झाले. पण रायकर यांचा भर पद्धतीवर होता. आधी गृहीतके उघडपणे मांडायची, मग तर्काने निष्कर्ष काढायचे. केनेथ शेप्सल, मॉरिस फिओरिना, पीटर ऑर्डशूक, रिचर्ड मॅकेल्व्ही हे सारे रॉचेस्टरचे पीएच.डी. काही वर्षांत ही शिष्यमंडळी मोठमोठ्या विद्यापीठांत पोचली आणि रॉचेस्टरचा अभ्यासक्रम त्यांच्याबरोबर गेला.

संख्याशास्त्राच्या वर्गात सुरुवात बहुधा सापळे दाखवण्याने होते, आणि ते योग्यच आहे. सर्वांत जुना सापळा डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली दाखवून दिलेला. १९३० च्या अमेरिकी जनगणनेत राज्यवार आकडे पाहिले, तर ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी दिसते. सहसंबंधाचा आकडा उणे ०.५३. यावरून परदेशातून आलेले लोक अधिक शिकलेले होते असे म्हणावे, तर व्यक्तिवार आकडे उलटे बोलतात: तिथे सहसंबंध अधिक ०.१२, म्हणजे स्थलांतरितांत निरक्षर किंचित जास्तच. उलगडा सोपा आहे. स्थलांतरित लोक रोजगारासाठी ज्या राज्यांत जाऊन राहिले, तिथले मूळ रहिवासी आधीपासूनच साक्षर होते. प्रदेशाच्या सरासरीवरून माणसाविषयी बोलता येत नाही. आपल्याकडे निकालानंतरच्या दुसऱ्या दिवशी तालुक्यांचे आकडे पुढे ठेवून अमुक समाजाने तमुक पक्षाला मते दिली असे ठामपणे लिहिले जाते, तेव्हा हाच सापळा पुन्हा लावलेला असतो आणि लिहिणारा त्यात पाय देतो.

दुसरा सापळा पैशाचा. गॅरी जेकबसन यांनी १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांतला खर्च तपासला, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. विद्यमान सदस्य जितका जास्त खर्च करतो, तितकी त्याची मते कमी. पैसा मते घालवतो की काय? तसे नाही. ज्याची जागा धोक्यात असते तोच घाबरून जास्त पैसा जमवतो आणि उधळतो. ज्या रोग्याला जास्त औषधे चालू आहेत तोच जास्त आजारी दिसतो, म्हणून औषधानेच आजार वाढला असे कुणी म्हणत नाही. राजकारणात मात्र तेच सहज म्हटले जाते. रिग्रेशन हे मुख्य अवजार शिकवताना हे उदाहरण हमखास येते. एका गोष्टीबरोबर दुसरी किती बदलते हे रिग्रेशन चोख सांगते. कोणती गोष्ट कारण आणि कोणती परिणाम, हे ते आपण होऊन सांगत नाही, आणि हा मुद्दा विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला एक अख्खे सत्र लागते.

म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भर कार्यकारणाच्या पद्धतींवर सरकला आहे. कारण ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. कुणाला काय मिळणार हे नशिबावर सोपवले, की दोन गटांतला फरक दुसऱ्या कुठल्या कारणावर ढकलता येत नाही. राजकारणात संशोधकाला सहसा चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, पण कधी कधी सरकारच त्या टाकते. मुंबई महापालिकेतले महिला आरक्षण हे त्याचे ठळक उदाहरण. कोणते प्रभाग महिलांसाठी राखीव राहणार हे सोडतीने ठरते आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा सोडत निघते. मग १९९७ मध्ये राखीव असलेला प्रभाग २००२ मध्ये खुला झाला, तर तिथे बाई निवडून येण्याची शक्यता किती? दोन्ही वेळा खुल्या राहिलेल्या प्रभागांशी तुलना करून रिखिल भवनानी यांनी याचे उत्तर २००९ साली 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'मध्ये दिले: साधारण पाचपट. आरक्षण उठल्यावरही त्याचा परिणाम उरतो, याचे इतके स्वच्छ प्रमाण क्वचित मिळते. परदेशातल्या वर्गांतही हा लेख वाचला जातो, आणि त्यातली मेख मुंबईच्या कुठल्याही इच्छुक उमेदवाराला वर्गात न बसता कळेल, कारण सोडतीच्या दिवशी त्याचाही जीव टांगणीला लागलेला असतो.

या उदाहरणाची मर्यादाही शिकवली जाते. पाचपट हा आकडा निवडून येण्याविषयी बोलतो, निवडून आल्यावर काय केले याविषयी नाही. तो निराळा प्रश्न. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी २००४ मध्ये पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींवरून त्याचा शोध घेतला. तिथेही राखीव सरपंचपदे चिठ्ठीसारख्याच पद्धतीने ठरली होती, आणि महिला सरपंचांच्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त गुंतवणूक झालेली दिसली.

गणिती मॉडेलांचा, म्हणजे गेम थिअरीचा, वर्ग अगदी वेगळा चालतो. तिथे आकडेवारी नसते. फळ्यावर दोन-तीन खेळाडू, त्यांचे पर्याय, प्रत्येकाला काय हवे आणि काय ठाऊक आहे, एवढेच. या वर्गात हटकून येणारे एक उदाहरण युद्धाचे आहे. जेम्स फिअरन यांच्या १९९५ च्या लेखातून ते रूढ झाले. समजा, दोन राष्ट्रांत १०० एकक भूमीवरून तंटा आहे. युद्ध झाले तर जिंकणाऱ्याला सर्व भूमी मिळेल, आणि पहिले राष्ट्र जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. युद्धाचा खर्च प्रत्येकाला १० एककांइतका. मग युद्धातून पहिल्याला सरासरी ६० उणे १० म्हणजे ५० मिळणार, दुसऱ्याला ४० उणे १० म्हणजे ३०. याचा अर्थ पहिल्याला ५० ते ७० यांच्या मधला कुठलाही वाटा देणारा तह दोघांनाही युद्धापेक्षा फायद्याचा आहे. लढाईत जे २० एकक जळून जाणार, तेच वाचवून वाटून घ्यायचे.

इथवर आल्यावर विद्यार्थी विचारतात, मग युद्धे होतात कशी? मॉडेलाचे खरे काम इथून सुरू होते, कारण 'वैर होते म्हणून लढले' हे उत्तर आता चालत नाही. वैर असूनही तह शक्य आहे हे नुकतेच सिद्ध झाले आहे. फिअरन यांनी तीन वाटा दाखवल्या. पहिली, आपापले खरे बळ ज्याचे त्याला ठाऊक असते, पण ते सांगताना फुगवून सांगण्यात फायदा असतो, म्हणून दुसऱ्याचा विश्वास बसत नाही. दुसरी, आज केलेला तह उद्या बळ वाढल्यावर पाळला जाईल याची हमी देणारा वर कुणी नसतो. तिसरी, काही गोष्टी वाटताच येत नाहीत. बांधावरून पिढ्यान्पिढ्या दिवाणी दावे लढवणारी भाऊबंदकी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे गणित नवे वाटणार नाही. वकिलाच्या फीमध्ये जमीन जाते हे दोन्ही भावांना कळते. पण समझोता केला तर पुढच्या नांगरटीला बांध सरकणार नाही, याची खात्री कोण देणार? फरक इतकाच, की भावांच्या डोक्यावर निदान न्यायालय असते.

अशा वर्गात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे गृहीतके खोटी आहेत. माणसे असा हिशेब करत नाहीत. तक्रार खरी आहे, पण तिचे वजन किती ते उदाहरणाप्रमाणे बदलते. अँथनी डाउन्स यांच्या १९५७ च्या पुस्तकापासून चालत आलेले मतदानाचे कोडे घ्या. लाखो मतदारांत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तिला मनासारखा उमेदवार निवडून येण्याच्या फायद्याने गुणले तरी उत्तर रांगेत उभे राहण्याच्या त्रासापेक्षा कमी. म्हणजे हिशेबी माणूस मतदानाला जाणारच नाही. प्रत्यक्षात कोट्यवधी लोक जातात. रायकर आणि ऑर्डशूक यांनी १९६८ मध्ये समीकरणात एक पद जोडले: कर्तव्य बजावल्याचे समाधान. कोडे सुटले, पण फार स्वस्तात सुटले. ज्यांना मत द्यायला आवडते ते मत देतात, एवढेच सांगायला समीकरण कशाला हवे? चांगला शिक्षक हा आक्षेप विद्यार्थ्यांच्या तोंडूनच वदवून घेतो आणि मग विचारतो, की हे समाधान नेमके कशाचे बनलेले आहे, आणि ते वाढवून पाहता येईल का.

तसे पाहिले गेलेही. २००६ साली मिशिगन राज्यातल्या एका प्राथमिक निवडणुकीत अ‍ॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि क्रिस्टोफर लॅरिमर यांनी सुमारे १,८०,००० घरांवर प्रयोग केला. अमेरिकेत कुणाला मत दिले हे गुप्त असते, पण मत दिले की नाही ही नोंद सार्वजनिक असते. काही घरांना जे पत्र गेले त्यात त्यांची आणि शेजाऱ्यांची मागच्या मतदानाची नोंद छापलेली होती, आणि निवडणुकीनंतर अशीच यादी पुन्हा पाठवू असेही लिहिले होते. ज्यांना काहीच पाठवले नव्हते त्यांच्यात मतदान २९.७ टक्के झाले, या घरांत ३७.८ टक्के. कर्तव्याच्या त्या पदात चार लोक काय म्हणतील याची भीती बरीच मिसळलेली आहे, हे आकड्याने दिसले. संशोधकांना पत्रे मिळालेल्यांचा रागही सोसावा लागला असणार.

समीकरणातले एक पद उचलून त्याच्याभोवती प्रयोग रचणे, ही दोन घराण्यांची जुगलबंदी. ती आपोआप घडत नाही. कित्येक विभागांत संख्याशास्त्र आणि गेम थिअरी वेगवेगळे शिक्षक, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांचा उल्लेखही न करता शिकवत आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २००१ मध्ये यावर विचारविनिमय घडवला, आणि पुढच्या वर्षापासून सैद्धांतिक मॉडेले आणि त्यांची अनुभवावरची कसोटी एकत्र शिकवणाऱ्या उन्हाळी शाळा सुरू झाल्या. तरीही जोडणीचा भार शेवटी विद्यार्थ्यावरच पडतो.

कौशल्य हाती येते ते मात्र व्याख्यानांतून नव्हे. दर आठवड्याला गृहपाठ असतो, बहुतेकदा गटाने सोडवायचा, आणि रात्री दोन वाजता 'आर'मधली एक चुकलेला स्वल्पविराम शोधण्यात जो वेळ जातो तो कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. त्याहून उपयोगी प्रथा म्हणजे प्रसिद्ध झालेला लेख पुन्हा करून पाहणे. हार्वर्डच्या गॅरी किंग यांनी १९९५ पासून हिचा पाठपुरावा केला. विद्यार्थ्याने एखादा लेख निवडायचा, मूळ डेटा मिळवायचा, तेच आकडे येतात का पाहायचे, आणि मग एखादे गृहीतक बदलून निष्कर्ष टिकतो का ते तपासायचे. छापील लेखाविषयीचा भाबडा आदर यातून जातो.

२०१५ साली या सवयीचे मोल जगाला कळले. समलिंगी विवाहाबद्दलचे लोकांचे मत दारात उभे राहून केलेल्या छोट्याशा संभाषणाने दीर्घकाळ बदलते, असा दावा करणारा लेख आदल्या डिसेंबरात 'सायन्स'मध्ये आला होता. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे तरुण संशोधक तसाच प्रयोग स्वतः करायला निघाले. त्यांच्या मुलाखतींना मिळणारा प्रतिसाद लेखातल्यापेक्षा खूपच कमी निघाला. मग त्यांनी मूळ डेटा तपासला, तर तो एका जुन्या सर्वेक्षणाशी संशयास्पद रीतीने जुळत होता. पीटर ॲरोनाव यांच्यासह त्यांनी हे जाहीर केले आणि काही दिवसांतच लेख मागे घेतला गेला. गोष्टीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो: ब्रूकमन आणि काला यांनी मायामीत खरा प्रयोग केला, तृतीयपंथीयांविषयीच्या पूर्वग्रहावर, आणि २०१६ मध्ये दाखवले की मोकळ्या संभाषणाने मत खरोखर बदलू शकते.

या शिक्षणाला विरोधही झाला, आणि तो आतूनच. १९९४ मध्ये डोनाल्ड ग्रीन आणि इयान शपिरो यांनी गणिती मॉडेलांतून अनुभवाच्या कसोटीवर टिकणारे फारसे काही हाती आलेले नाही असे पुस्तकभर मांडले. २००० च्या ऑक्टोबरमध्ये 'मिस्टर पेरेस्त्रोइका' या टोपणनावाने एक निनावी ई-मेल फिरला. पद्धतीच्या नादात विषय हरवला, भाषा शिकून परदेशात वर्षभर राहणाऱ्या अभ्यासकाला नियतकालिकांत जागा उरली नाही, असा त्याचा सूर होता. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीत शेकडो प्राध्यापक आले आणि २००३ मध्ये सुरू झालेल्या 'पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स' या नियतकालिकामागे हा असंतोष होता. तक्रारीत तथ्य होते. पीएच.डी.ची वर्षे मोजकी असतात. मॅट्रिक्ससाठी दिलेला महिना दुसऱ्या भाषेसाठी उरत नाही. पण मुंबईची सोडत कशी निघते हे ठाऊक नसलेल्याला भवनानींचा लेख सुचला नसता, आणि रिग्रेशन येत नसलेल्याला तो लिहिता आला नसता.

भारतात सर्वेक्षणांची परंपरा जुनी आहे. रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत विकासशील समाज अध्ययन पीठ, म्हणजे सीएसडीएस, स्थापन केले, आणि १९६७ पासून तिथे देशव्यापी निवडणूक अभ्यास सुरू झाले. १९९७ पासून 'लोकनीती' हा त्यांचा उपक्रम ते काम पाहतो. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेले सुहास पळशीकर त्याचे सहसंचालक राहिले आहेत. मतदाराने मुलाखतकारासमोर खरे बोलावे म्हणून त्याच्या हाती नकली मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगण्याची लोकनीतीची पद्धत हा स्वतःच पद्धतिशास्त्राचा सुरेख धडा आहे. विद्यापीठांत मात्र हे शिक्षण उशिरा आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आणि त्यात संख्यात्मक पद्धतींना वाव दिला. पण कला शाखेत येणारे बहुतेक विद्यार्थी दहावीनंतर गणित सोडून आलेले असतात, आणि एका सत्रात व्याख्या पाठ करून घेणेच तेवढे शक्य होते.

मराठीतून शिकवताना आणखी एक अडचण उभी राहते, ती शब्दांची. दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाने आलेला असणे कठीण आहे, एवढेच सांगणाऱ्या संज्ञेला मराठीत 'सार्थ' किंवा 'लक्षणीय' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, फरक मोठा आहे. एक-एक लाख मतदारांच्या दोन गटांत मतदान ६० आणि ६०.६ टक्के झाले, तर हा ०.६ टक्क्यांचा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबाने लक्षणीय ठरतो. शंभर-शंभर मतदारांच्या दोन गटांत ते ६० आणि ७० टक्के झाले, तर दहा टक्क्यांचा फरकही लक्षणीय ठरत नाही. म्हणून जाणते शिक्षक हा शब्द फळ्यावर एकटा लिहीत नाहीत. शेजारी फरकाचा आकडा आणि नमुन्याचा आकारही लिहितात.